इझ्राएलमधील अरब अल्पसंख्याक आणि जमीनधारणा

इझ्राएलच्या स्थापनेनंतर (१४ मे १९४८) त्या राज्याच्या हद्दीत राहिलेल्या आणि त्याचे नागरिक बनलेल्या पॅलेस्टिनी अरबांच्या भूस्वामित्वाचा प्रश्न. या अल्पसंख्याक समाजात मुसलमान बहुसंख्य असून ख्रिस्ती व द्रूझ यांचाही समावेश होतो. पूर्व जेरूसलेममधील रहिवासी धरून देशाच्या लोकसंख्येत अरबांचे प्रमाण सु. २१ टक्के आहे; मात्र अरब स्थानिक संस्थांच्या अधिकारक्षेत्रात देशाच्या एकूण जमिनीपैकी ३ टक्क्यांहूनही कमी जमीन येते. जानेवारी १९४९ मधील पहिल्या निवडणुकीपासून इझ्राएलमधील अरबांना मताधिकार आहे आणि संसदेत (क्नेसेट) त्यांचे प्रतिनिधी सातत्याने निवडून येत आले आहेत. मतदानाच्या बाबतीत समान असलेले हे नागरिकत्व जमिनीच्या बाबतीत मात्र विषम ठरले. ते तसे का ठरले, हे समजण्यासाठी १९४८ पूर्वीची जमीनपद्धती पाहणे आवश्यक आहे. कारण नंतरच्या कायद्यांनी जुन्या पद्धतीतील त्रुटींचाच मोठ्या प्रमाणावर आधार घेतला.

पॅलेस्टाइन हा १९१७-१८ पर्यंत ऑटोमन साम्राज्याचा भाग होता. १८५८ च्या ऑटोमन भूमिसंहितेने जमिनीचे पाच वर्ग केले होते : पूर्ण खाजगी मालकीची ‘मुल्क’, सरकारची अंतिम मालकी व शेतकऱ्याची वहिवाट असलेली ‘मीरी’, धर्मादाय ‘वक्फ’, रस्ते, गायराने इ. सार्वजनिक उपयोगाची ‘मतरूका’ आणि ओसाड किंवा ‘मृत’ अशी ‘मवात’. खेड्यांतील बहुतेक लागवडीची जमीन मीरी वर्गात मोडत असे. सलग दहा वर्षे विनातक्रार कसणाऱ्यास तिच्या वहिवाटीचा पक्का हक्क मिळे, तर सबळ कारणाशिवाय तीन वर्षे पडीक ठेवल्यास ती सरकारजमा होऊ शकत असे. म्हणजे येथे हक्काचा मूळ पुरावा कागद नसून नांगर हा होता. मवात जमिनीची कसोटी तर याहून विलक्षण होती : गावाच्या शेवटच्या घरापाशी उभे राहून मोठ्याने हाक मारली असता जेथवर ती ऐकू जाणार नाही, त्यापलीकडची वापरात नसलेली जमीन मवात होय. हे अंतर ढोबळ मानाने दीड मैल किंवा अर्ध्या तासाची चाल असे धरले जाई. या कसोटीवरून विसाव्या व एकविसाव्या शतकांतही न्यायालयांत खटले चालले आहेत.

संहितेबरोबर ‘तापू’ ही नोंदणीपद्धती आली. तथापि नोंदणी म्हणजे सारा वाढणे आणि मुलाचे नाव सैन्यभरतीच्या यादीत जाणे, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. अनेकांनी नोंद टाळली. काहींनी शहरातील एखाद्या प्रतिष्ठिताच्या नावावर जमीन लावून दिली. शिवाय अनेक गावांत ‘मुशा’ ही सामाईक धारणापद्धती रूढ होती. तीत कुटुंबाचा हिस्सा ठरलेला असे. परंतु प्रत्यक्ष शेते ठराविक काळाने फेरवाटप करून दिली जात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या शेताचा स्वतःच्या नावाचा उतारा अनेकांजवळ नव्हता. कागदोपत्री मोठे मालक मात्र निर्माण झाले. बैरूतचे सुरसुक घराणे हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण होय. या घराण्याने व इतर अनुपस्थित जमीनदारांनी जेझ्रील खोऱ्यातील (मर्ज इब्‍न आमीर) विस्तीर्ण क्षेत्र, विशेषतः १९२१ ते १९२५ या काळात, ज्यू संस्थांना विकले. व्यवहार कायदेशीर होता, किंमतही चुकती झाली होती. परंतु त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांना गावे सोडावी लागली. जमीन विकणारा एक आणि ती गमावणारा दुसरा, हा अनुभव पुढील अरब-ज्यू वैराच्या मुळाशी आहे.

ज्यू राष्ट्रीय निधी ही संस्था १९०१ मध्ये बाझेल येथील झायनवादी परिषदेत स्थापन झाली. तिने विकत घेतलेली जमीन ज्यू लोकांची कायमची ठेव समजली जाई. ती पुन्हा विकावयाची नाही, फक्त भाडेपट्ट्याने द्यावयाची, असा दंडक होता. ब्रिटिश महादेशाच्या (मँडेट) काळात १९२८ च्या अध्यादेशानुसार हक्कनिश्चिती व मोजणीचे काम सुरू झाले. मात्र १९४८ पर्यंत देशाच्या सु. पाचव्या हिश्श्याचेच काम पुरे झाले आणि तेही मुख्यतः किनाऱ्याच्या मैदानात व खोऱ्यांत. गॅलिलीचा डोंगराळ भाग आणि नेगेवचे वाळवंट त्यातून बहुतांशी सुटले. १९३९ च्या श्वेतपत्रिकेनंतर १९४० मध्ये ब्रिटिशांनी बऱ्याच मोठ्या भागात अरबांकडून ज्यूंना जमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध घातले. १९४७ च्या अखेरीस ज्यूंची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या सु. एक-तृतीयांश होती, त्यांच्या मालकीची जमीन मात्र एकूण जमिनीच्या ६ ते ७ टक्के होती. उरलेली सर्व जमीन अरबांच्या खाजगी मालकीची होती, असा याचा अर्थ नव्हे. तीत सरकारी व मवात गणलेली, विशेषतः नेगेवमधील, फार मोठी जमीन होती.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संमत केलेल्या फाळणीच्या ठरावात अल्पसंख्याकांच्या जमिनीविषयी एक स्पष्ट कलम होते. ज्यू राज्यातील अरबाची किंवा अरब राज्यातील ज्यूची जमीन सार्वजनिक प्रयोजनाशिवाय घेता येणार नाही आणि घ्यावयाची झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेली पूर्ण भरपाई ताबा घेण्यापूर्वी द्यावी लागेल, असे त्यात म्हटले होते. अरब नेतृत्वाने ठराव फेटाळला, युद्ध झाले आणि हे कलम कागदावरच राहिले. १९४७–४९ च्या युद्धात सु. ७ लक्ष पॅलेस्टिनी निर्वासित झाले. इझ्राएलच्या हद्दीत सु. दीड लक्ष अरब उरले.

युद्धोत्तर कायदे : निर्वासितांनी मागे ठेवलेली घरे, शेते व बागा यांच्या व्यवस्थेसाठी डिसेंबर १९४८ मध्ये आणीबाणीचे विनियम काढण्यात आले व मार्च १९५० मध्ये त्यांची जागा ‘अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा’ या अधिनियमाने घेतली. या कायद्याची रचना करताना अधिकाऱ्यांपुढे पाकिस्तानने फाळणीनंतर केलेल्या निर्वासित-मालमत्ताविषयक विनियमांचा नमुना होता, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भारतातही १९५० मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा झाला. उपखंडात ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी आलेल्या विस्थापितांच्या पुनर्वसनाशी जोडलेली होती. इझ्राएल व त्याचे शेजारी यांच्यात तसा कोणताही परस्पर व्यवहार नव्हता. मार्च १९५१ मध्ये इराकने देश सोडणाऱ्या ज्यूंची मालमत्ता गोठविली, तेव्हा इझ्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांनी पॅलेस्टिनींना द्यावयाच्या भरपाईतून ती रक्कम वजा धरण्यात येईल, असे जाहीर केले. अशा रीतीने बगदादच्या ज्यूचे घर आणि हैफाच्या अरबाचे घर एकाच खतावणीत मांडले गेले. प्रत्यक्षात दोघांनाही त्या हिशेबातून काही मिळाले नाही.

१९५० च्या कायद्यातील ‘अनुपस्थित’ या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक होती. २९ नोव्हेंबर १९४७ नंतर जो शत्रुराष्ट्रात गेला तो तर अनुपस्थित होताच. पण १ सप्टेंबर १९४८ पूर्वी आपले नेहमीचे राहण्याचे ठिकाण सोडून त्या वेळी शत्रुसैन्याच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाइनमधील जागी जो गेला, तोही अनुपस्थित ठरला. लढाई जवळ आली म्हणून शेजारच्या गावी चार दिवस राहून परतलेला, पुढे इझ्राएलचा नागरिक झालेला, कर भरणारा व मत देणारा माणूस जमिनीपुरता अनुपस्थित ठरू शकत होता. अशांसाठी ‘उपस्थित अनुपस्थित’ अशी संज्ञा रूढ झाली. कायद्याच्या भाषेत इतका उघड अंतर्विरोध क्वचितच आढळतो. इझ्राएलमध्ये राहिलेल्या अरबांपैकी सु. चौथा हिस्सा असा अंतर्गत विस्थापित होता. मुसलमानांच्या वक्फ मालमत्तेचाही मोठा भाग, तिचे विश्वस्त अनुपस्थित असल्याने, अभिरक्षकाकडे गेला. १९६५ च्या दुरुस्तीने त्यातील काही मालमत्ता विशिष्ट शहरांतील विश्वस्त समित्यांकडे देण्याची तरतूद झाली. चर्चच्या जमिनी तुलनेने सुरक्षित राहिल्या. जेरूसलेममधील क्नेसेटची इमारत ज्या जागेवर उभी आहे, ती ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे.

याच्या जोडीला दुसरी साधने होती. ब्रिटिशांनी १९४५ मध्ये, मुख्यतः ज्यू भूमिगत संघटनांना आवरण्यासाठी, केलेल्या संरक्षण विनियमांतील १२५ व्या कलमान्वये लष्करी अधिकारी कोणताही भाग ‘बंद क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकत. शेतकऱ्याला शेतात जाण्यास बंदी झाली की शेत पडीक पडे. ते पडीक आहे म्हणून मग ताब्यात घेता येई. १९५३ च्या भूसंपादन (कृत्यांस वैधता व भरपाई) कायद्याने या सर्व व्यवहारांस मागाहून कायदेशीर रूप दिले. १ एप्रिल १९५२ रोजी मालकाच्या ताब्यात नसलेली आणि त्यापूर्वी विकास, वसाहत किंवा सुरक्षितता यांसाठी वापरलेली जमीन विकास प्राधिकरणाकडे वर्ग करता येऊ लागली. ताबा का नव्हता, हा प्रश्न कायदा विचारीत नव्हता. भरपाई १ जानेवारी १९५० च्या मूल्यानुसार ठरविली गेली. चलनाचे मूल्य झपाट्याने घसरत असल्याने ती फारच अपुरी होती आणि अनेकांनी ती घेण्याचे नाकारले. सु. १२ लक्ष दुनम (१ दुनम = १,००० चौ. मी., सु. पाव एकर) जमीन या कायद्याखाली वर्ग झाली. तीत निर्वासितांच्या जमिनींबरोबर हजर नागरिकांच्या जमिनीही होत्या. इझ्राएलमधील अरबांनी आपल्या खाजगी जमिनीपैकी किती गमावली, याविषयीचे अंदाज ४० ते ६० टक्के या दरम्यान आहेत.

या काळातील इक्रित व बिरइम या दोन गावांची हकीकत विशेष बोधक आहे. लेबाननच्या सीमेलगतच्या या ख्रिस्ती गावांनी इझ्राएली सैन्याचा प्रतिकार केला नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये, सीमेवर शांतता होईपर्यंत सु. दोन आठवडे गाव सोडा, असे सांगून ग्रामस्थांना हलविण्यात आले. ते परत बोलावले गेले नाहीत. इक्रितच्या ग्रामस्थांनी उच्च न्यायालयात दाद मागितली व जुलै १९५१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तथापि लष्कराने नवे आदेश काढले आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या सुमारास गावातील घरे सुरुंगाने उडवून दिली. चर्च तेवढे राहिले. बिरइमवर सप्टेंबर १९५३ मध्ये विमानांतून बाँब टाकण्यात आले. परतीची मागणी गोल्डा मेअर यांच्या मंत्रिमंडळाने १९७२ मध्ये नाकारली. १९९५ मध्ये एका मंत्रिसमितीने मर्यादित परतीची शिफारस केली, परंतु २००३ मध्ये न्यायालयाने शासनाच्या नकारात हस्तक्षेप करण्याचे टाळले. एका गावाला परत येऊ दिल्यास इतर शेकडो गावांचा दावा उभा राहील, ही शासनाची भीती प्रत्येक वेळी निर्णायक ठरली. आज ग्रामस्थांचे वंशज तेथे उपासनेसाठी जमतात आणि आपल्या मृतांना गावच्या दफनभूमीत पुरू शकतात.

अरब वस्तीच्या प्रदेशांतील लष्करी अंमल १ डिसेंबर १९६६ रोजी संपला. दरम्यान गॅलिलीतील अपुरे राहिलेले हक्कनिश्चितीचे काम शासनाने पुन्हा हाती घेतले होते. १९५८ च्या मुदतविषयक कायद्याने वहिवाटीने हक्क मिळण्याची मुदत दहावरून पंधरा वर्षे केली. १ मार्च १९४३ नंतर ताबा मिळालेल्या जमिनींबाबत तर आणखी वर्षे पुरी करावी लागत. ब्रिटिश हवाई दलाने १९४४-४५ मध्ये काढलेली छायाचित्रे न्यायालयांत पुरावा म्हणून येऊ लागली. ज्या खडकाळ उतारावर ऑलिव्हची झाडे विरळ होती किंवा केवळ चराई होती, तेथे लागवडीची खूण छायाचित्रात दिसत नसे. १९६९ च्या भूमिकायद्याने ऑटोमन संहिता रद्द केली. मवात जमिनी मात्र शासनाच्या नावे नोंदविण्याची तरतूद केली.

गॅलिलीमध्ये ज्यूंचे प्रमाण वाढविण्यासाठी वरचे नाझरेथ (१९५७, २०१९ पासून नोफ हगालिल) व कार्मिएल (१९६४) ही नगरे संपादित जमिनींवर वसविण्यात आली. १९७६ च्या आरंभी शासनाने गॅलिलीतील सु. २०,००० दुनम जमीन संपादन करण्याचे जाहीर केले. तिचा काही भागच अरबांच्या मालकीचा होता, परंतु तोवर सोशिकपणे वागलेल्या समाजाचा संयम येथे सुटला. ३० मार्च १९७६ रोजी सार्वत्रिक हरताळ पाळण्यात आला. नाझरेथचे महापौर व कवी तौफीक झय्याद हे त्याच्या पुरस्कर्त्यांत अग्रणी होते. सखनीन, अर्राबा, कफर कन्ना इ. ठिकाणी पोलीस व लष्कर यांच्याशी चकमकी होऊन सहा अरब नागरिक मारले गेले. हा दिवस तेव्हापासून ‘भूमिदिन’ म्हणून पाळला जातो. संपादनाला त्यानंतर बऱ्याच अंशी आळा बसला. संघर्षाचे क्षेत्र मालकीकडून नगरनियोजन व भाडेपट्टे यांकडे सरकले.

सार्वजनिक जमीन व भाडेपट्टे : १९६० च्या ‘इझ्राएल भूमी’ या मूलभूत कायद्यानुसार राज्य, विकास प्राधिकरण आणि ज्यू राष्ट्रीय निधी यांच्या जमिनी विकता येत नाहीत. अशा जमिनी देशाच्या सु. ९३ टक्के असून त्यांपैकी सु. १३ टक्के निधीच्या आहेत. निधीच्या जमिनीचा मोठा भाग १९५० च्या सुमारास शासनाने त्यास विकलेल्या निर्वासितांच्या जमिनींतून आला आहे. २००९ च्या सुधारणेने मुख्यतः नागरी भागातील मर्यादित जमिनीची मालकी रहिवाशांना देण्याची मुभा मिळाली. बहुसंख्य ज्यू नागरिकही मालक नसून पट्टेदारच आहेत, हे इझ्राएली शासनाचे म्हणणे खरे आहे. भेद आहे तो पट्टा कोणाला मिळतो यात. निधीच्या उद्दिष्टांनुसार त्याची जमीन ज्यूंसाठी आहे आणि ग्रामीण वसाहतींत सहकारी संस्था व ज्यू एजन्सी यांच्यामार्फत वाटप होत असल्याने अरब अर्जदार बाहेर राहत असे.

या प्रथेस कादान खटल्याने आव्हान दिले. बाका अल्-घर्बिया येथील एका अरब कुटुंबाने १९९५ मध्ये जवळच्या कात्झीर वसाहतीत घरासाठी जागा मागितली व ती नाकारली गेली. ८ मार्च २००० रोजी न्यायमूर्ती अहरोन बाराक यांनी दिलेल्या निकालपत्रात, राज्याला स्वतः जो भेदभाव करता येत नाही तो दुसऱ्या संस्थेमार्फतही करता येणार नाही, असा निर्णय देण्यात आला. इझ्राएलच्या न्यायइतिहासात हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. कुटुंबाला प्रत्यक्ष भूखंड मिळण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. २०११ मध्ये क्नेसेटने नेगेव व गॅलिलीतील ४०० पर्यंत घरांच्या वसाहतींना प्रवेश समित्या नेमून ‘सामाजिक अनुरूपता’ तपासण्याचा अधिकार दिला. या कायद्याविरुद्धचे अर्ज २०१४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी फेटाळले आणि २०२३ मध्ये मर्यादा ७०० घरांपर्यंत वाढविण्यात आली. कायद्यात वंशाच्या आधारे नकार देण्यास मनाई आहे. अनुरूपतेच्या शब्दाआड काय घडते हे सिद्ध करणे मात्र अर्जदारावर पडते. जुलै २०१८ मध्ये ६२ विरुद्ध ५५ मतांनी संमत झालेल्या राष्ट्र-राज्य कायद्याच्या सातव्या कलमाने ज्यू वसाहतींचा विकास हे राष्ट्रीय मूल्य ठरविले. सक्तीची लष्करी सेवा करणाऱ्या द्रूझ समाजाने या कायद्यास कडवा विरोध केला. २०२१ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरविला.

१९४८ नंतर नेगेवमधील बदाउनींसाठी उभारलेल्या नगरांखेरीज व अगदी मोजके अपवाद सोडता, नवे अरब गाव वसविले गेले नाही. लोकसंख्या अनेक पटींनी वाढली, गावांच्या हद्दी फारशा वाढल्या नाहीत. नियोजनाचे आराखडे वर्षानुवर्षे न झाल्याने स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर बांधलेले घरही अनधिकृत ठरते. २०१७ च्या दुरुस्तीने अशा बांधकामांवरील दंड व पाडकाम यांची तरतूद अधिक कडक केली. जागेच्या टंचाईचा एक अनपेक्षित परिणाम असा की, नाझरेथवर नजर ठेवण्यासाठी वसविलेल्या नोफ हगालिलमध्येच आता अरब रहिवासी मोठ्या संख्येने घरे घेऊन राहतात.

नेगेवमधील बदाउनी : १९४८ पूर्वी नेगेवमध्ये बदाउनी टोळ्यांची संख्या मोठी होती, युद्धानंतर सु. ११,००० लोक उरले आणि त्यांना ईशान्येकडील ‘सियाग’ या मर्यादित प्रदेशात आणून ठेवण्यात आले. (याच भागात बीरशेबा, दिमोना येथे पुढे कोकण व मुंबईतून आलेली अनेक मराठीभाषी बेने इझ्राएल कुटुंबे स्थायिक झाली.) टोळ्यांमध्ये जमिनीचे विभाजन परंपरेने निश्चित होते, विक्रीही होई, परंतु १९२१ च्या ब्रिटिश अध्यादेशाने मवात जमिनीच्या नोंदणीसाठी जी दोन महिन्यांची मुदत दिली होती, तिचा लाभ त्यांनी घेतला नाही. १९८४ मधील हवाश्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज प्रवाशाच्या वर्णनाचा आधार घेऊन हा प्रदेश ओसाड, अर्थात मवात, ठरविला. तंबूंची वस्ती ‘गाव’ या व्याख्येत बसत नाही; तेव्हा हाक मारावयाची कोठून, हा प्रश्नच उद्‌भवत नाही, असा त्या युक्तिवादाचा अर्थ होतो. २०१५ मधील उक्बी खटल्यातही हीच भूमिका कायम राहिली.

शासनाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सात नगरे उभारून बदाउनींना तेथे हलविण्याचे धोरण स्वीकारले. रहात हे त्यांतील सर्वांत मोठे. निम्म्याहून अधिक लोक तेथे गेले. बाकीचे १९६५ च्या नियोजन कायद्याने अमान्य ठरलेल्या वस्त्यांत, वीज व नळाच्या पाण्याच्या जोडणीशिवाय, राहत आले. काही वस्त्यांना अलीकडे मान्यता मिळाली. अल्-अराकीब ही वस्ती जुलै २०१० मध्ये प्रथम पाडली गेली आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वेळा पाडून पुन्हा उभारली गेली. दावे एकत्रितपणे मिटविण्यासाठी आणलेले प्रावर विधेयक दोन्ही बाजूंच्या विरोधामुळे डिसेंबर २०१३ मध्ये बाजूला ठेवण्यात आले. उम्म अल्-हिरान या गावातील लोकांना १९५६ मध्ये लष्करी प्रशासनानेच तेथे आणून बसविले होते. त्याच जागी ज्यू वसाहत उभारण्यासाठी त्यांना हटविण्यास न्यायालयाने २०१५ मध्ये संमती दिली. जानेवारी २०१७ मधील पाडकामाच्या वेळी एक ग्रामस्थ व एक पोलीस ठार झाले आणि २०२४ मध्ये गाव पूर्णपणे हटविण्यात आले.

पूर्व जेरूसलेम व पश्चिम किनारा : १९६७ मध्ये व्यापलेल्या या प्रदेशांतील बहुसंख्य अरब इझ्राएलचे नागरिक नाहीत, त्यामुळे तेथील प्रश्न अल्पसंख्याकांच्या हक्कांचा नसून लष्करी व्याप्तीचा आहे. परंतु साधने पुष्कळशी तीच आहेत. १९७० च्या कायद्याने १९४८ पूर्वी पूर्व जेरूसलेममध्ये ज्यूंच्या असलेल्या मालमत्ता मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत मागता येतात. पश्चिम जेरूसलेममधील घरे गमावलेल्या अरबांना मात्र १९५० च्या कायद्यामुळे तसा हक्क नाही. शेख जर्रा येथे जॉर्डन शासन व संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी १९५६ मध्ये वसविलेल्या निर्वासित कुटुंबांवरील निष्कासनाचे दावे याच कायद्यातून उद्‌भवले आणि मे २०२१ मधील हिंसाचाराचे ते एक कारण ठरले. पश्चिम किनाऱ्यावर हक्कनिश्चितीचे काम १९६८ मध्ये लष्करी आदेशाने थांबविण्यात आले; तोवर सु. एक-तृतीयांश जमिनीचीच नोंद झाली होती. एलोन मोरे खटल्यात (१९७९) खाजगी जमीन वसाहतीसाठी घेण्यास न्यायालयाने मनाई केल्यावर, शासनाने पडीक मीरी जमीन सरकारी म्हणून जाहीर करण्याचा मार्ग अवलंबिला. इझ्राएलमध्ये १९६९ साली रद्द झालेली ऑटोमन संहिता येथे अशा प्रकारे कार्यरत राहिली. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लावजा मतात या प्रदेशांतील इझ्राएलचे अस्तित्व बेकायदा ठरविले. मे २०२५ मध्ये इझ्राएलच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळाने, ज्या भागात नागरी व लष्करी दोन्ही नियंत्रण इझ्राएलकडे आहे, तेथे १९६८ पासून थांबलेली हक्कनोंदणी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. या नोंदणीत हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी कसणाऱ्यावर येते. जो आपला हक्क सिद्ध करू शकणार नाही, त्याची जमीन सरकारी ठरण्याचा संभव आहे.